शाळा सुटल्यानंतरची वेळ आणि गावाची जबाबदारी : सातारा व सांगली जिल्ह्यांतील सामुदायिक उपक्रमांचा विचार

गोषवारा

उच्च प्राथमिक वर्गांतील, म्हणजे साधारणतः ११ ते १४ वयोगटातील विद्यार्थी शाळेत जेवढा वेळ असतो, त्यापेक्षा अधिक वेळ शाळेबाहेर असतो. या वेळेची जबाबदारी केवळ कुटुंबाची की गावाची, हा प्रश्न आपल्या शैक्षणिक चर्चेत फारसा येत नाही. प्रस्तुत लेखात सातारा व सांगली जिल्ह्यांतील वसतिगृहाची परंपरा, राष्ट्र सेवा दलाची सायंशाखा आणि २०२२ मध्ये मोहित्यांचे वडगाव (जि. सांगली) येथे सुरू झालेला अभ्यासाच्या भोंग्याचा उपक्रम यांचा एकत्रित विचार केला आहे. या उपक्रमांमागील कार्यपद्धती, त्यांच्या मर्यादा आणि ग्रामीण महाविद्यालयांना त्यात घेता येण्याजोगा सहभाग यांचे विवेचन करण्याचा येथे प्रयत्न आहे.

बीजशब्द : उच्च प्राथमिक विद्यार्थी, शाळाबाह्य वेळ, लोकसहभाग, वसतिगृह, राष्ट्रीय सेवा योजना.

१. प्रस्तावना

जिल्हा परिषदेची शाळा सायंकाळी पाचच्या सुमारास सुटते. तेथून रात्री झोपेपर्यंत चार-पाच तासांचा काळ उरतो. पूर्वी या वेळेत मुले शेतावर, गोठ्यात, तालमीत किंवा देवळाच्या पारावर असत. म्हणजे ती कोणाच्या ना कोणाच्या नजरेसमोर असत. आज आई शेतमजुरीहून किंवा कारखान्याच्या कामावरून परतून स्वयंपाकाला लागते, शेतीपंपाला वीज रात्रीच्या पाळीत आली तर वडील पाणी पाजायला रानात जातात, आणि मुलाच्या हाती मोबाइल येतो. हे चित्र एखाद्या बेजबाबदार कुटुंबाचे नसून सर्वसामान्य कष्टकरी घराचे आहे.

शहरातील मध्यमवर्गीय पालक हा प्रश्न पैशाने सोडवतात. मुलाला शिकवणी, तबला, कराटे, पोहणे अशा वर्गांना पाठवून तो सायंकाळचा वेळ भरून काढतो. ‘असर’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात पहिली ते आठवीच्या वर्गांत शुल्क देऊन शिकवणी घेणाऱ्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये २६.४ टक्के होते, ते २०२२ मध्ये ३०.५ टक्के झाले. म्हणजे ग्रामीण पालकही आता त्याच वाटेने जाऊ लागले आहेत. ज्यांना हे शक्य नाही, त्यांच्या मुलांची सायंकाळ कोणाची, हा या लेखाचा मूळ प्रश्न आहे.

२. लेखाचे उद्देश

१) शाळा सुटल्यानंतरच्या सामुदायिक उपक्रमांची संकल्पना स्पष्ट करणे.
२) सातारा व सांगली जिल्ह्यांतील या प्रकारच्या उपक्रमांची परंपरा समजून घेणे.
३) मोहित्यांचे वडगाव येथील उपक्रमाच्या कार्यपद्धतीची उकल करणे.
४) अशा उपक्रमांच्या मर्यादा व महाविद्यालयांची संभाव्य भूमिका मांडणे.

३. संकल्पना व वयोगट

शाळेच्या वेळेबाहेर, शाळेत किंवा शाळेबाहेर, समाजाच्या सहभागातून मुलांसाठी नियमितपणे चालविलेला अभ्यास, खेळ, कला, वाचन अथवा सहजीवनाचा कार्यक्रम म्हणजे सामुदायिक शाळाबाह्य उपक्रम असे म्हणता येईल. या व्याख्येत दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. पहिली नियमितपणा, वर्षातून एकदा भरणारे शिबिर या व्याख्येत बसत नाही. दुसरी समाजाचा सहभाग. शुल्क घेऊन चालणारा खाजगी वर्ग यात येत नाही.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये इयत्ता सहावी ते आठवी हा ‘मध्य स्तर’ मानला असून त्याचा वयोगट ११ ते १४ वर्षांचा आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ याचे संरक्षणही चौदाव्या वर्षापर्यंतच आहे. या वयाची काही वैशिष्ट्ये ध्यानात घ्यावी लागतात. मूल आता लहान राहिलेले नसते, त्यामुळे अंगणवाडीसारखी सांभाळ करणारी व्यवस्था त्याला लागू पडत नाही. ते तरुणही झालेले नसते, त्यामुळे तरुण मंडळात त्याला स्थान नसते. आई-वडिलांच्या शब्दापेक्षा सोबत्यांच्या मताला ते अधिक मान देऊ लागते. गणितात बीजगणित येते, विज्ञान स्वतंत्र विषय म्हणून उभे राहते, आणि चौथीपर्यंत घरी अभ्यास घेणाऱ्या अल्पशिक्षित आईला ‘मला आता यातले कळत नाही’ असे म्हणावे लागते. अनेक लहान गावांत शाळा सातवीपर्यंतच असल्याने याच वयात मुलाला दुसऱ्या गावी जावे लागते. मुलींच्या बाबतीत वयात येणे, घरकामाचा वाढता भार आणि येण्याजाण्याच्या सुरक्षिततेची काळजी या तिन्ही गोष्टी एकाच वेळी येतात. शाळेपासून मूल तुटण्याची सुरुवात बहुधा याच टप्प्यावर होते. मात्र पटावरून नाव कमी होईपर्यंत ती कोणाच्या लक्षात येत नाही.

४. ऐतिहासिक पार्श्वभूमी

४.१ वसतिगृहाची परंपरा

आजचा सांगली जिल्हा १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने अस्तित्वात आला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. त्यामुळे दोन्ही जिल्ह्यांचा शैक्षणिक इतिहास बराचसा सामाईक आहे. सातारा जिल्ह्यातील नायगाव हे सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव, तर कटगुण हे जोतीराव फुले यांच्या घराण्याचे मूळ गाव. फुले दांपत्याने १८५५ मध्ये पुण्यात कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. दिवस कामाचा असेल तर शिक्षणाने रात्रीकडे गेले पाहिजे, हा विचार तेव्हापासून या प्रदेशाच्या परिचयाचा आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी हा विचार वेगळ्या दिशेने पुढे नेला. १९१० च्या सुमारास दुधगाव (ता. मिरज) येथे सहकाऱ्यांसमवेत सुरू केलेल्या विद्यार्थी वसतिगृहाच्या कामात त्यांचा पुढाकार होता. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले (ता. कराड) येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये संस्थेचे काम सातारा येथे आणून वसतिगृह उघडले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या भेटीच्या वेळी त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. या वसतिगृहात निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत, एकत्र स्वयंपाक करीत आणि एका पंगतीत जेवत. मुलांच्या अन्नासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरील दागिने, अखेरीस मंगळसूत्रही मोडले, ही हकीकत महाराष्ट्राला परिचित आहे.

या वसतिगृहांकडे आपण सामान्यतः निवासाची सोय म्हणून पाहतो. परंतु भाऊराव प्रथम वसतिगृहाकडे वळले आणि शाळा त्यानंतर वाढल्या, हा क्रम विचार करण्यासारखा आहे. सातारा शहरात शाळा होत्याच. खेड्यातील मुलाला त्या शाळेत टिकवून ठेवणारे उरलेल्या वेळेचे जीवन मात्र नव्हते. पहाटे उठणे, पाणी भरणे, दळण, स्वयंपाक, शेतकाम, सायंकाळचा अभ्यास, मोठ्या विद्यार्थ्याने लहानाला शिकविणे या सर्वांचे मिळून एक शिक्षण होते आणि ते शाळेच्या घंटेबाहेरचे होते. पुढे १९४० मध्ये सातारा येथील महाराजा सयाजीराव हायस्कूल आणि १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झाले, तेव्हा ‘कमवा व शिका’ ही योजना याच अनुभवातून आकाराला आली. शाळाबाह्य वेळेकडे शिक्षणाचा पाया म्हणून पाहण्याची दृष्टी या जिल्ह्याला अशा रीतीने शंभर वर्षांपूर्वीच लाभली होती.

४.२ सायंशाखेची परंपरा

दुसरी परंपरा राष्ट्र सेवा दलाची होय. ४ जून १९४१ रोजी पुणे येथे सेवा दलाच्या कामास नव्याने प्रारंभ झाला आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. सायंकाळी मोकळ्या मैदानावर तास-दीड तास खेळ, कवायत, समूहगीत आणि शेवटी बौद्धिक असे शाखेचे सर्वसाधारण रूप होते. मुले व मुली एकत्र येणे आणि जातिधर्माचा भेद न मानणे ही तिची वैशिष्ट्ये होती. सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखालील प्रतिसरकारच्या काळात सेवा दलाच्या शाखांतून घडलेले अनेक तरुण गावोगावच्या कामात उतरले.

वसतिगृह आणि शाखा या दोन नमुन्यांत एक महत्त्वाचा फरक आहे. वसतिगृह मुलाला घरापासून दूर आणते. शाखा मुलाला घरीच ठेवून त्याच्या सायंकाळला आकार देते. वसतिगृहाला इमारत, धान्य व पूर्णवेळ माणूस लागतो. शाखेला मैदान आणि रोज न चुकता येणारा एक शाखानायक पुरतो. म्हणूनच शाखा स्वस्तात उभी राहते, पण नायक शिक्षणासाठी वा नोकरीसाठी बाहेर गेला की मोडते. साने गुरुजींच्या निधनानंतर (१९५०) प्रकाशभाई मोहाडीकर यांच्या पुढाकाराने गावोगाव चाललेल्या कथामालेच्या कामातही याचा प्रत्यय येतो. जेथे एखादा शिक्षक दर आठवड्याला मुलांना गोळा करीत राहिला, तेथे कथामाला टिकली.

५. मोहित्यांचे वडगाव : अभ्यासाचा भोंगा

मोहित्यांचे वडगाव हे सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. शेती आणि साखर कारखान्यातील काम हे येथील मुख्य उत्पन्नाचे साधन. मार्च २०२० पासून करोनाच्या साथीमुळे शाळा बंद राहिल्या आणि शिक्षण मोबाइलवर आले. ज्या पालकांनी कर्ज काढून मोबाइल घेतला, त्यांनाच पुढे शाळा उघडल्यावर तो मुलाच्या हातून काढून घेता येईना. शिक्षकांच्या तक्रारी वाढल्या. अशा परिस्थितीत स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दिवशी, १४ ऑगस्ट २०२२ रोजी, सरपंच विजय मोहिते यांच्या पुढाकाराने गावाने निर्णय घेतला : रोज सायंकाळी सात वाजता देवळावरील भोंगा वाजेल, तेव्हापासून साडेआठपर्यंत गावातील दूरदर्शन संच व मोबाइल बंद राहतील आणि मुले अभ्यासाला बसतील. साडेआठला पुन्हा भोंगा वाजला की ही वेळ संपेल.

सुरुवातीला गावातील पुरुषांनी ही कल्पना हसण्यावारी नेली. तेव्हा ग्रामपंचायतीने महिलांना एकत्र बोलावले. सायंकाळच्या मालिका पाहण्यात आपलाही वेळ जातो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि निर्णयाला पाठिंबा दिला. अंमलबजावणीच्या पहिल्या दिवसांत ग्रामपंचायतीचे कर्मचारी, आशा सेविका, अंगणवाडी सेविका व निवृत्त शिक्षक घरोघर फिरून लोकांना आठवण करून देत होते. या उपक्रमाची दखल देशातील व परदेशातील वृत्तमाध्यमांनी घेतली.

६. उपक्रमाची उकल

या उपक्रमाकडे केवळ ‘मोबाइलबंदी’ म्हणून पाहणे अपुरे ठरेल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बांशी या गावाने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदी घालण्याचा ठराव केला. दोन्ही निर्णयांमागील चिंता एकच होती, परंतु रीत भिन्न होती. बांशीचा ठराव मुलांपुरता होता. वडगावचा नियम मुलांइतकाच मोठ्यांनाही लागू होता. वडगावच्या उपक्रमाचे मर्म या भेदात आहे.

पहिला मुद्दा सामूहिकतेचा. एकट्या घराने सातला दूरदर्शन बंद केला तर शेजारच्या घरातून आवाज येतच राहतो आणि मूल ‘त्यांच्याकडे चालू आहे’ असे म्हणून तेथे जाते. प्रत्येक पालकाला संच बंद व्हावा असे वाटत असूनही कोणालाच एकट्याने ते साधत नाही. भोंगा ही अडचण दूर करतो. निर्णय घराचा न राहता गावाचा होतो, आणि आईला मुलाशी रोज वाद घालावा लागत नाही. ‘भोंगा झाला’ एवढे म्हणणे पुरते.

दुसरा मुद्दा सोबत्यांचा. या वयातील मुलाला आपण एकटेच काही गमावतो आहोत असे वाटले की ते बंड करते. सर्वच मित्र एका वेळी अभ्यासाला बसले असतील तर गमावण्यासारखे काही उरत नाही. जो सोबत्यांचा प्रभाव एरवी अडथळा ठरतो, तोच येथे सहायक होतो.

तिसरा मुद्दा संमतीचा. महाराष्ट्रात ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची कायदेशीर तरतूद आहे. अनेक ठिकाणी ती कागदावर उरते. वडगावात महिलांच्या संमतीशिवाय निर्णय अमलात येणे अशक्य होते, कारण सायंकाळचे घर त्यांच्या हाती असते. ज्यांच्यावर अंमलबजावणीचा भार पडणार, त्यांना निर्णयात घेतल्यामुळे उपक्रम उभा राहिला.

चौथा मुद्दा मर्यादित वेळेचा. दीड तास ही मुदत पाळता येण्याजोगी आहे. साडेआठनंतर काय करावे हे घरावर सोपविले आहे. गावाने घराच्या खाजगी आयुष्यात किती शिरावे याची एक सीमा त्यामुळे आपोआप आखली गेली.

सातारा जिल्ह्यातील भिलार (ता. महाबळेश्वर) या ‘पुस्तकांच्या गावा’चा अनुभव येथे पूरक ठरतो. ४ मे २०१७ रोजी सुरू झालेल्या या शासकीय प्रकल्पात पंचवीस ठिकाणी, त्यांतील बऱ्याच ठिकाणी ग्रामस्थांच्या राहत्या घरांत, पुस्तके वाचनासाठी खुली करण्यात आली. त्याचा मुख्य हेतू पर्यटकांसाठी वाचनसंस्कृतीचा असला, तरी गावातील घराची पडवी सार्वजनिक वाचनाची जागा होऊ शकते, हे त्यातून दिसले. वडगावने सायंकाळची वेळ सामाईक केली, भिलारने जागा सामाईक केली. आपल्याला दोन्हींची गरज आहे.

७. मर्यादा व अनुत्तरित प्रश्न

७.१ शांतता म्हणजे अभ्यास नव्हे

भोंग्याने घर शांत होते. पण गणित अडले तर सांगणारे घरात कोणी नसेल तर मूल वही उघडून बसून राहते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याची खरी अडचण लक्ष विचलित होण्याइतकीच मदत नसण्याचीही आहे. शिक्षण हक्क अधिनियमाच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खाजगी शिकवणी घेता येत नाही, ते योग्यच आहे; परंतु विनामूल्य सहाय्याची पर्यायी व्यवस्थाही आपण उभी केलेली नाही. शाहू बोर्डिंगमध्ये हे काम वरच्या वर्गातील विद्यार्थी करीत असे.

७.२ मुलींची सायंकाळ

सात ते साडेआठ ही स्वयंपाकाची वेळ होय. त्या वेळी मुलगा पुस्तक घेऊन बसतो आणि बहिणीला भाकरी थापायला किंवा धाकट्या भावंडाला सांभाळायला बोलावले जाते, हे दृश्य आपल्यापैकी अनेकांनी आपापल्या घरी पाहिलेले आहे. नियम सर्वांसाठी समान असला तरी वेळ सर्वांना समान मिळत नाही. घरोघर फिरणाऱ्या सेविकेने ‘संच बंद आहे ना’ याच्या जोडीला ‘मुलगी कुठे आहे’ हेही विचारले पाहिजे. तसेच दुसऱ्या गावी शिकणाऱ्या मुलीचे वेळापत्रक एस.टी.च्या हाती असते. अहिल्याबाई होळकर योजनेमुळे तिचा प्रवास मोफत झाला. पण शाळेत सायंकाळी खेळ वा वाचनवर्ग ठेवला आणि त्यानंतर गावाकडे गाडीच नसेल, तर त्या उपक्रमातून सर्वप्रथम तीच वगळली जाते.

७.३ स्थलांतरित कुटुंबांची मुले

या दोन जिल्ह्यांत स्थलांतराचे दोन्ही प्रवाह आहेत. पाटण, जावळी या डोंगरी तालुक्यांतून माणसे माथाडी कामासाठी मुंबईस गेली. विटा, खानापूर, आटपाडी परिसरातील कुटुंबे सोने-चांदी गलाईच्या व्यवसायानिमित्त देशभर पसरली. त्यांची मुले अनेकदा आजी-आजोबांकडे राहतात. वृद्ध आजीने तेरा वर्षांच्या नातवाला अभ्यासाला बसवावे, ही अपेक्षा तिच्यावर अन्याय करणारी आहे. उलट दिशेने, कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांच्या परिसरात हंगामात मराठवाड्यातून ऊसतोड मजूर येतात. त्यांच्या मुलांची सायंकाळ खोपीत जाते. आई-वडील फडातून अंधार पडल्यावर परततात आणि तोवर अकरा-बारा वर्षांची मुलगी चूल पेटवून धाकट्यांना सांभाळते. गावच्या भोंग्याचा आवाज खोपीपर्यंत ऐकू जातो. पण तो तिच्यासाठी वाजलेला नसतो. ज्या उपक्रमाला आपण ‘गावाचा’ म्हणतो, त्यातील ‘गाव’ म्हणजे कोण, हा प्रश्न येथे टाळता येत नाही.

७.४ खेळ व सहवास

‘शाळा सुटली की पुन्हा अभ्यास’ एवढाच अर्थ शाळाबाह्य वेळेला राहिला, तर मुलाच्या दृष्टीने ती शाळेची लांबण ठरेल. औंध संस्थानात भवानराव पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्काराला शिक्षणात स्थान दिले. गावोगावच्या तालमींनी मुलांना शरीर कमावायला शिकविले. सेवा दलाने गाणे आणि खेळ यांतून विचार दिला. वयात येणाऱ्या मुलांना शंका विचारण्यासाठी, भांडून पुन्हा एकत्र येण्यासाठी आणि परजातीच्या मुलाच्या घरी पाणी पिण्यासाठीही वेळ लागतो. आज तालमी थोड्यांपुरत्या उरल्या आणि मुलींसाठी त्या बहुधा नव्हत्याच. पाच ते सात ही वेळ खेळासाठी राखली, तरच सात ते साडेआठ ही वेळ अभ्यासासाठी मागण्याचा आपल्याला अधिकार राहील.

८. अन्य देशांतील अनुभव

हा प्रश्न जगात नवा नाही. १८८९ मध्ये शिकागो येथे जेन ॲडम्स व एलेन गेट्स स्टार यांनी स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत ‘हल हाऊस’ सुरू केले, तेव्हा मुलांची मंडळे हा त्याच्या कामाचा महत्त्वाचा भाग होता. अमेरिकेत १९९४ च्या कायद्यान्वये शाळांमध्ये सामुदायिक अध्ययन केंद्रांना संघीय निधी मिळण्याची तरतूद झाली. जोसेफ डर्लाक, रॉजर वाइसबर्ग व मॉली पचान यांनी २०१० मध्ये अशा कार्यक्रमांविषयीच्या ६८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांचा निष्कर्ष आपल्यालाही उपयुक्त आहे. सर्वच कार्यक्रम परिणामकारक नव्हते. ज्यांत कौशल्ये पायरीपायरीने शिकविली जात, मुले स्वतः कृती करीत, त्या कौशल्यांसाठी पुरेसा वेळ राखलेला असे आणि काय शिकायचे हे स्पष्ट असे, त्याच कार्यक्रमांतील मुलांच्या आत्मविश्वासात, शाळेविषयीच्या ओढीत, वर्तनात व गुणांत सुधारणा दिसली. मुलांना केवळ एका छपराखाली बसवून ठेवल्याने असा परिणाम दिसून आला नाही. वडगावच्या पुढची पायरी कोणती असावी, याचे उत्तर या निष्कर्षात सापडते.

९. महाविद्यालयांची भूमिका

या टप्प्यावर प्रश्न आपल्या दाराशी येतो. दोन्ही जिल्ह्यांत तालुक्यागणिक महाविद्यालये आहेत आणि त्यांतील बहुसंख्य विद्यार्थी परिसरातील गावांतूनच रोज ये-जा करतात. सायंकाळी ते आपल्या गावी असतात. म्हणजे सहावी-सातवीच्या मुलाला अडलेले गणित सांगू शकेल असा तरुण किंवा तरुणी जवळपास प्रत्येक गावात उपलब्ध आहे. त्यांचा वेळ या कामाशी जोडण्याची योजनाही अस्तित्वात आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय सेवा योजनेत स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास नियमित काम करणे आणि सात दिवसांच्या विशेष शिबिरात सहभागी होणे अपेक्षित आहे. आठवड्यातून दोन सायंकाळी दीड-दीड तास धरले, तर चाळीस आठवड्यांत बरोबर १२० तास होतात.

प्रत्यक्षात आपण काय करतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. प्रस्तुत लेखकाने महाविद्यालयाच्या विशेष शिबिरांत काही वर्षे काम केले आहे. दिवसा श्रमदान, दुपारी व्याख्यान आणि सायंकाळी गावातील मुलांसाठी खेळ व गाणी असा क्रम असे. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मुले वेळेआधीच शाळेच्या पटांगणात येऊन थांबत. एका शिबिराच्या समारोपाच्या रात्री सामान गाडीत चढविताना सहावीतील एका मुलीने विचारले, ‘‘सर, आता उद्यापासून कोण येणार?’’ त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. अहवालात मात्र ‘बालविकास उपक्रम यशस्वीरीत्या संपन्न’ असे वाक्य मी स्वतःच लिहिले. त्या गावात आमच्या महाविद्यालयाचे अकरा विद्यार्थी राहत होते, हे पुढच्या वर्षी प्रवेश-अर्ज चाळताना माझ्या लक्षात आले. मुलीच्या प्रश्नाचे उत्तर त्या अर्जांत होते. मी ते पाहिले नव्हते.

या अनुभवाच्या आधारे पुढील सूचना कराव्याशा वाटतात.

१) महाविद्यालयाने प्रवेशाच्या वेळीच गावनिहाय विद्यार्थियादी तयार करावी. ज्या गावात किमान चार विद्यार्थी आहेत, तेथे सायंकालीन सहाय्य वर्ग सुरू करता येईल. त्यांत किमान दोन विद्यार्थिनी असाव्यात; त्यामुळे पालक मुलींना निःशंकपणे पाठवतील.

२) जागा जिल्हा परिषद शाळेची, समाजमंदिराची किंवा एखाद्या घराच्या पडवीची असावी. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला असतात. या समितीची संमती व देखरेख घेतल्याशिवाय वर्ग सुरू करू नये. मुलांच्या सुरक्षिततेसाठी वर्ग नेहमी उघड्या जागेत, दोन स्वयंसेवकांच्या उपस्थितीत चालावा.

३) आठवड्याचे दोन दिवस भाषा-गणिताचे सहाय्य आणि एक दिवस खेळ, वाचन किंवा विज्ञानाचा प्रयोग असे नियोजन असावे. विज्ञान विभागाने साध्या साहित्याचे प्रयोगसंच, तर ग्रंथालयाने फिरती पेटी द्यावी.

४) ग्रामपंचायतीला आपल्या उत्पन्नातील दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणासाठी खर्च करावी लागते. दिवाबत्ती, चटया व पुस्तके यांसाठी त्यातून तरतूद मागता येईल. रक्कम लहान असली तरी तिच्यामुळे उपक्रमावर गावाचा हक्क राहतो.

५) कारखाना परिसरातील महाविद्यालयांनी हंगामाच्या महिन्यांत खोप्यांवरील वर्गाला अग्रक्रम द्यावा. हा वर्ग शाळेच्या प्रवेशाला पर्याय ठरू नये. मूल जवळच्या शाळेत जाते की नाही याची विचारणा हा त्याचा पहिला भाग असावा.

६) स्वयंसेवक पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा वर्ग बंद पडू नये, यासाठी प्रत्येक गटात प्रथम वर्षाचा एक विद्यार्थी घ्यावाच. सेवा दलाच्या अनेक शाखा नायक गेल्यावर मोडल्या, हा धडा आपण विसरू नये.

या कामाने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा अभ्यास मागे पडेल, असा आक्षेप घेतला जातो. तो पूर्णतः निराधार नाही. परीक्षेच्या काळात वर्गाला सुटी द्यावीच लागेल. परंतु सातवीच्या मुलाला अपूर्णांक समजावून सांगताना आपल्यालाच तो नीट कळला नव्हता, हे ज्याच्या लक्षात येते, त्या विद्यार्थ्याचेही शिक्षण होत असते.

१०. समारोप

सातारा व सांगली या जिल्ह्यांनी शाळा सुटल्यानंतरच्या वेळेचे तीन नमुने पाहिले आहेत. वसतिगृहाने मुलाला नवे घर दिले, शाखेने मैदान दिले आणि भोंग्याने त्याच्या स्वतःच्या घरात दीड तासाची शांतता दिली. तिन्हींमध्ये समान सूत्र आहे : मुलाची सायंकाळ ही त्याच्या आई-वडिलांची एकट्याची जबाबदारी नाही, असे कोणीतरी मानले. प्रत्येकाची मर्यादाही स्पष्ट आहे. वसतिगृह सर्वांपर्यंत पोहोचत नाही, शाखा माणसावर अवलंबून राहते आणि भोंगा शांतता देतो पण सोबत देत नाही.

ही सोबत पुरविण्याची क्षमता ग्रामीण महाविद्यालयांपाशी आहे. त्यासाठी नवी योजना किंवा मोठा निधी नको. आपल्या वर्गात बसणारा विद्यार्थी सायंकाळी कोणत्या गावी असतो, एवढे आपण जाणून घेतले तरी सुरुवात होऊ शकते. ‘उद्यापासून कोण येणार’ या प्रश्नाला नाव घेऊन उत्तर देता आले पाहिजे. शिबिराच्या अहवालात संपन्न झालेल्या कार्यक्रमांची यादी असते. तिच्याखाली ते नाव, गाव आणि वार लिहिण्याची पद्धत आपण सुरू केली, तर या विषयावरील पुढील चर्चेला भक्कम आधार मिळेल.